डोळे मिटले की धडधड वाढते, मग ध्यान करायचं कसं?

पत्राचा सारांश: वय ४३. पूर्णवेळ नोकरी, घरी आजारी आई आणि शाळेत जाणारी दोन मुलं. दीड वर्षापासून मान आणि खांदे आखडलेले असतात, पहाटे तीन-साडेतीनला जाग येते ती येतेच, बारीकसारीक गोष्टींवरून घरात आवाज चढतो. रक्तदाब, ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, हा ताण आहे, योग-ध्यान सुरू करा. सकाळचा तासाभराचा वर्ग लावला, पण आईच्या औषधपाण्याच्या वेळा सांभाळताना तिसऱ्या आठवड्यात तो सुटला. मग मोबाईलवरचं दहा मिनिटांचं ध्यान करून पाहिलं. डोळे मिटले की विचार दुप्पट वेगाने येतात, छातीत धडधडतं आणि चौथ्या मिनिटाला उठावंसं वाटतं. प्रश्न असा: "तास काढता येत नाही आणि दहा मिनिटंही जमत नाहीत. एवढ्याशा वेळाने खरंच काही होतं का, की ही मनाची समजूत? आणि ध्यान माझ्या पिंडालाच मानवत नसेल तर?"

धडधडीपासून सुरुवात करू, कारण तिच्यापायी तुम्ही स्वतःला नापास करून टाकलंय. सतत ताणात असलेल्या माणसाचे ठोके, श्वास, स्नायू हे सगळं आधीपासूनच वरच्या पट्टीत चाललेलं असतं. कामात, आवाजात, मोबाईलमध्ये लक्ष गुंतलेलं असतं म्हणून ते जाणवत नाही. डोळे मिटून शांत बसलात की बाहेरचं सगळं थांबतं आणि आतलं ऐकू येऊ लागतं. मग "हे काय होतंय मला?" अशी शंका येते आणि त्या शंकेनेच ठोके आणखी वाढतात. आराम करायला बसल्यावर काही जणांची अस्वस्थता वाढते, हे मानसोपचार करणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तुमच्या पिंडात काही खोट आहे असा त्याचा अर्थ नाही.

पण "सहन करा, होईल सवय" असंही सांगणार नाही. दिवसभर आखडलेलं शरीर थेट खाली बसवायचं, डोळे मिटायचे आणि श्वासावर लक्ष ठेवायचं, ही खरं तर शेवटची पायरी आहे, आणि बहुतेक ॲप तिथूनच सुरुवात करून देतात. तुमच्यासारख्यांनी आधी हालचाल करावी, मग उच्छ्वास लांबवावा, मग उघड्या डोळ्यांनी लक्ष टिकवायला शिकावं. मिटल्या डोळ्यांचं ध्यान त्यानंतर. आणि ते कधीच केलं नाही तरी फारसं बिघडत नाही.

आता वेळेचं. तासभर दिला तरच योग, ही समजूत पूर्णपणे निराधार नाही. अमेरिकी ध्यानशिक्षक जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ध्यान आणि योगाच्या आधारे ताण कमी करण्याचा जो अभ्यासक्रम सुरू केला, तो आठ आठवड्यांचा होता आणि घरी रोज सुमारे ४५ मिनिटांचा सराव मागत होता. पुढचं बरंचसं संशोधन त्याच साच्यावर झालं. त्यामुळे ४५ मिनिटांनी काय होतं याची माहिती जास्त जमली, एवढंच. दहा मिनिटांनी काही होत नाही असं त्यातून सिद्ध होत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांच्या २०२३ मधल्या एका अभ्यासात लोकांना महिनाभर रोज फक्त पाच मिनिटं दिली होती. लांब उच्छ्वासावर भर देणारा श्वसनाचा प्रकार करणाऱ्यांची मनःस्थिती, तेवढाच वेळ ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलेली दिसली. एका अभ्यासावर इमला बांधायचा नसतो, पण तुमच्या तक्रारीशी तो जुळतो: ध्यानाने धडधड वाढत असेल तर श्वासाकडून आत शिरा.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. ध्यानावरच्या ४७ चाचण्यांचा मिळून आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, साडेतीन हजारांवर लोकांचा. चिंता, उदासी आणि वेदना यांत लहान ते मध्यम प्रमाणात फरक दिसला. मात्र औषधं, व्यायाम किंवा इतर उपचारपद्धतींपेक्षा ध्यान सरस ठरतं असा पुरावा मिळाला नाही. म्हणून बसणं अगदीच असह्य होत असेल तर रोज वीस मिनिटं भरभर चालणं हा कमी प्रतीचा पर्याय समजू नका. योगच केला पाहिजे असा काही नियम नाही.

मग थोड्या वेळाचा सराव नेमकं काय करतो? काही बिनसलं की ॲड्रेनलिन हे ताणाचं संप्रेरक काही सेकंदांत वाढतं. कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक सावकाश चढतं, साधारण वीस ते तीस मिनिटांनी टोकाला जातं आणि मग उतरायला वेळ घेतं. तुमच्या दिवसात ते उतरण्याआधीच पुढची कटकट उभी राहते. सकाळी सहाला केलेला तासाभराचा वर्ग दुपारी चारच्या मीटिंगपर्यंत कितपत पुरणार? त्या साखळीत दिवसातून तीन-चारदा खंड पाडणं हे या छोट्या सरावाचं काम. तासाच्या वर्गाची ती सवलतीतली आवृत्ती नव्हे. तासाचा वर्ग वेगळं काम करतो: ताकद, लवचीकता, शिक्षकाकडून चुका दुरुस्त होणं. जमलं तर आठवड्यातून एकदा तो ठेवा आणि रोजचं हे असं करा.

दिवसातल्या दोन मिनिटांपासून सुरू करा, कारण ती सर्वांत उपयोगी आणि तीच लोक सर्वांत आधी गाळतात. खुर्चीत बसा. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, पाय लटकत असतील तर खाली एखादं जाड पुस्तक. पाठ टेकली तरी चालेल. दात एकमेकांना लागलेले असतील तर किंचित सोडवा, जीभ टाळूला ढकलत असेल तर सैल करा. नाकाने चार आकडे होईपर्यंत श्वास आत, सहा आकडे होईपर्यंत बाहेर. आकडा साधारण एका सेकंदाचा. अंगठा तर्जनीच्या सर्वांत खालच्या पेरावर ठेवा आणि प्रत्येक उच्छ्वास संपला की एक पेर पुढे सरका. चार बोटांची बारा पेरं, दहा सेकंदांचा एक श्वास, म्हणजे करंगळीच्या टोकावरचा श्वास संपला की दोन मिनिटं झाली. घड्याळ नको, ॲप नको, मोबाईल हातातही घ्यायला नको. डोळे उघडे, नजर समोर जमिनीवर. मीटिंगमध्ये बसून केलं तरी कुणाला कळत नाही.

यात उच्छ्वासाला महत्त्व का, तर श्वास घेताना ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित मंदावतात. शरीराला शांत करणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचं काम उच्छ्वासाच्या वेळी जास्त चालतं. उच्छ्वास लांबवला की मंदावण्याचा वेळ वाढतो. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास झाले की हा चढउतार सर्वांत ठळक होतो, म्हणून चार आणि सहाचा हिशेब.

इथे होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे छाती फुगवून "दीर्घ श्वास" घेणं. डोकं हलकं होतं, ओठांना किंवा बोटांना मुंग्या येतात, धडधड वाढते आणि मग "मला श्वसनही जमत नाही" असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर झाल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटलेला असतो. श्वास लांबवायचा आहे, मोठा करायचा नाही. शेजारी बसलेल्याला ऐकू येऊ नये इतका तो हलका असावा. मुंग्या आल्याच तर मोजणं सोडा आणि दोन-तीन मिनिटं आपसूक चालेल तसा श्वास चालू द्या. चार आणि सहा ओढूनताणून होत असेल तर तीन आणि चारवर या. आठवड्याने हळूच वाढवा. मध्ये श्वास रोखायचा नाही. आणि कपालभाती, भस्त्रिका तूर्त बाजूला ठेवा. त्या उत्तेजना देणाऱ्या क्रिया आहेत, आधीच वर चढलेल्या माणसाला त्या आणखी चढवतात. उच्च रक्तदाब, हर्निया, गर्भारपण किंवा पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर इतर वाचकांनीही त्यांच्या वाटेला जाऊ नये.

ही दोन मिनिटं ताण आला की करू, असं ठरवू नका. ताणाच्या ऐन क्षणी ती आठवतच नाहीत, आणि आठवली तरी सराव नसल्याने लागू पडत नाहीत. रोज घडणाऱ्याच एखाद्या गोष्टीला ती बांधा: कामाचा संगणक सुरू करण्याआधी, जेवणानंतर खुर्चीत परत बसताना, कामावरून येऊन घराचं दार उघडण्याआधी. तुमच्या बाबतीत ही तिसरी वेळ सर्वांत मोलाची ठरेल, कारण घरात आवाज चढतो तो बहुतेकदा कामावरचा ताण तसाच घेऊन आत शिरल्यामुळे.

सकाळी सात-आठ मिनिटं हालचाल. उभे राहा, पावलांमध्ये नितंबांएवढं अंतर. श्वास घेत दोन्ही हात बाजूने वर, सोडत खाली, पाच वेळा. मग खांदे श्वास घेत कानांपर्यंत उचला, दोन सेकंद घट्ट धरा आणि उच्छ्वासाबरोबर एकदम सोडून द्या, हेही पाच वेळा. आखडलेल्या स्नायूला "सैल हो" म्हणून तो होत नाही. आधी मुद्दाम आवळून सोडला तर सैल म्हणजे काय ते त्याला कळतं.

त्यानंतर मार्जारासन, म्हणजे मांजरासारखं हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन. तुमच्या मान-खांद्यांसाठी यातलं एकच आसन निवडायचं झालं तर हेच, म्हणून जरा नीट सांगतो. हाताचे तळवे बरोबर खांद्यांखाली, गुडघे नितंबांखाली, गुडघे दुखत असतील तर खाली घडी घातलेली चादर. श्वास सोडत माकडहाड आत घ्या, पाठीची कमान वर करा, हनुवटी शेवटी छातीकडे येऊ द्या. श्वास घेत पोट खाली सोडा, छाती पुढे आणा, डोकं शेवटी उचला. आठ वेळा. हालचाल कमरेकडून सुरू होऊन मानेपर्यंत पोचली पाहिजे. बहुतेक जण उलट करतात, नुसती मान वर-खाली फेकतात आणि पाठ लाकडासारखी राहते, त्यामुळे मान सुटण्याऐवजी जास्त दुखते. दुसरी चूक वेगाची. हालचाल श्वासाआधी संपत असेल तर तुम्ही घाईत आहात. मनगटं दुखत असतील तर मुठी टेकवा, नाहीतर खुर्चीत बसून हात मांड्यांवर ठेवून हीच कमान करा.

शेवटी खुर्चीच्या पाठीवर किंवा टेबलावर हात टेकवून, गुडघे किंचित वाकवून, पाठ जमिनीला समांतर होईल इतकंच पुढे वाका आणि पाच श्वास थांबा. डोकं दोन्ही हातांच्या मध्ये, लटकलेलं नको. काचबिंदू किंवा अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्यांनी डोकं हृदयाच्या खाली जाईल असं काहीच करू नये. हाडं ठिसूळ झालेल्यांनी पाठ गोल करून वाकू नये, मार्जारासनातली वरची कमानही त्यात आली.

हे झालं की लगेच कामाला लागू नका, खुर्चीत बसा. उरलेली दोन मिनिटं म्हणजे तुमचं ध्यान. डोळे उघडे. एक मिनिट फक्त आवाज ऐका: पंखा, रस्ता, पाणी, पक्षी, जे असेल ते. चांगला-वाईट ठरवायचं नाही. दुसरं मिनिट तळपायांवर: कुठे दाब जास्त आहे, टाचेवर की चवड्यावर? गार लागतंय की ऊब? विचार येतील. "विचार" एवढंच मनात म्हणा आणि तळव्यांकडे परत या. दोन मिनिटांत वीसदा परत यावं लागलं तर वीसदा सराव झाला. विचार थांबले पाहिजेत ही अट ध्यानाला कुणी चिकटवली कोण जाणे, पण तिच्यामुळे जितक्या जणांनी ध्यान सोडलं असेल तितक्या जणांनी कंटाळ्यानेही सोडलं नसेल.

दोन-तीन आठवड्यांनी तळपायांऐवजी मांडीवर ठेवलेल्या हातांवर लक्ष ठेवा, मग श्वासावर, आणि जमतंय असं वाटलं तर डोळे मिटून. धडधड वाढली की डोळे उघडा, समोरच्या तीन वस्तू नीट पाहा, पावलं जमिनीत दाबा, हवं तर उठून चाला. त्या दिवसापुरतं तिथेच थांबायचं. जुने, भयंकर प्रसंग डोळ्यांसमोर येऊ लागले तर मात्र हे एकट्याने रेटू नका. मानसोपचारतज्ज्ञाबरोबर करण्याचं ते काम आहे.

रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं पाठीवर आडवं व्हा आणि पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, गुडघ्यात काटकोन. डोक्याखाली घडी एवढीच की हनुवटी छताकडे उचलली जाणार नाही. भिंतीला पाय लावून करतात त्या विपरीत करणीपेक्षा हे सोपं, आणि मांडीच्या मागचे स्नायू ताठ असणाऱ्यांना जास्त मानवणारं. सुरुवातीला पाच-सहा वेळा भ्रामरी करा: ओठ बंद, दात किंचित अलग, श्वास सोडताना खालच्या पट्टीत गुंजारव. कानांत बोटं नकोत आणि आवाज मोठा नको. गुंजारवामुळे उच्छ्वास मोजल्याशिवायच लांबतो, हा त्याचा फायदा. मग काहीच करू नका. झोप लागली तर लागू द्या, फक्त नंतर अंथरुणावर जा.

पहाटे तीनला जाग आल्यावर घड्याळ बघू नका, कारण ते पाहिलं की उरलेल्या तासांचा हिशेब सुरू होतो. पडल्या पडल्या पेरांवर बारा श्वास मोजा, दोनदा. अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद उजेडात खुर्चीत बसा आणि डोळे जड झाले की परत या. झोप यावी म्हणून ध्यान करू नका. "आली का? अजून नाही?" अशी पाळत ठेवली की ती हमखास पळते.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते. पत्रात ताण हा तुमच्या आतला बिघाड असल्यासारखा आलाय: शरीर आखडतं, झोप मोडते, आवाज चढतो, म्हणून मला दुरुस्त करा. पण नोकरी, दोन मुलं आणि आईची शुश्रूषा एका माणसाच्या अंगावर असेल तर तो ताण बऱ्याच अंशी साधा हिशेब आहे. योगाने तो हिशेब बदलत नाही. उलट एक धोका संभवतो: दहा मिनिटांनी थोडं बरं वाटू लागलं की माणूस आणखी एक काम अंगावर घेतो. म्हणून सरावाच्या दुसऱ्या आठवड्यात एका कागदावर आईसाठी लागणारी कामं वेळेसकट लिहा, अगदी गोळ्यांची डबी भरण्यापासून. त्यातलं कोणतं काम फक्त तुम्हीच करू शकता यावर खूण करा. खूण नसलेली कामं भावंडं, जोडीदार, मोठं मूल किंवा पगारी मदतनीस यांपैकी कुणाकडे द्यायची ते नाव घालून ठरवा. "जरा मदत करा" या विनंतीने काही हलत नाही. "मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळ तुझी" याने हलतं. कामावरही एखादी मुदत पुढे ढकलून मागता येते का ते पाहा.

सवय किती दिवसांत लागते? २१ दिवस हा आकडा विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागलेले दिसले, कुणाला १८, तर कुणाला २५० च्या वर. एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. तेव्हा सलग किती दिवस झाले हे मोजणारं ॲप काढून टाका. ते चुकल्याची रुखरुख तेवढी वाढवतं. पहिला आठवडा फक्त दिवसातली दोन मिनिटं, तीही तीनपैकी एकाच वेळी. दुसऱ्या आठवड्यात सकाळ जोडा, तिसऱ्यात रात्र. ज्या दिवशी आईची तब्येत बिघडेल त्या दिवशी दाराबाहेरचे बारा श्वास पुरेत.

फरक पडतोय की नाही हे रोज तपासू नका. दर रविवारी दोन गोष्टी लिहा: खांदे किती आखडले होते, शून्य ते दहा, आणि आवाज चढल्यावर शांत व्हायला किती वेळ लागला. सुधारणा बहुतेकदा दुसऱ्या आकड्यात आधी दिसते. चिडचिड होईल, पण तासभर धुमसण्याऐवजी पंधरा मिनिटांत ओसरेल. झोप सुधारायला त्याहून जास्त वेळ लागतो.

आठ आठवड्यांनी दोन्ही आकडे जिथल्या तिथे असतील तर सराव दुप्पट करू नका, डॉक्टरांकडे परत जा आणि मानसतज्ज्ञाकडे पाठवायला सांगा. दोन आठवडे सलग कशातच रस वाटेनासा झाला, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, तर आठ आठवडे थांबायचंही नाही. आणि जगू नये असं मनात आलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या. ज्या वाचकांची रक्तदाबाची किंवा चिंतेची औषधं चालू आहेत त्यांनी सरावाने बरं वाटतंय म्हणून ती आपल्या मनाने कमी करू नयेत. रविवारचा तो कागद डॉक्टरांना दाखवावा आणि निर्णय त्यांना घेऊ द्यावा.